बाळाचे डॉक्टर आधी की विम्याची योजना आधी?

प्रश्न : आम्ही सात वर्षांपासून न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आणि सौम्य दमा आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर दुसरे बाळ अपेक्षित आहे. आजवर आम्ही सगळे यजमानांच्या कंपनीच्या पीपीओ, म्हणजे डॉक्टर निवडायची जास्त मोकळीक देणाऱ्या विमा योजनेत होतो. मुलीचे बालरोगतज्ज्ञ आम्हाला फार आवडतात. ते मराठी बोलतात, त्यामुळे पुण्याहून सासूबाई येतात तेव्हा त्याही निर्धास्त असतात. आता माझ्या नव्या नोकरीत एचएमओ, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांपुरती योजना, मिळते आहे. मी आणि दोन्ही मुले तिच्यात गेलो, तर आमच्या पगारांतून महिन्याला एकूण २९० डॉलर कमी कापले जातील. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर आमच्या डॉक्टरांचे नाव दिसते, पण त्यांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट म्हणते की ती योजना आम्ही घेत नाही. यजमानांचे म्हणणे, मुलांना दोन्ही योजनांत घालू, म्हणजे चिंता नको. मैत्रिणी म्हणतात, मुले असतील तर पीपीओ सोडायचीच नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत निर्णय कळवायचा आहे. डॉक्टरांसाठी महिन्याला २९० डॉलर मोजावेत का?
— एक आई, एडिसन

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचले. त्यात बालरोगतज्ज्ञांविषयी बरेच काही आहे, मुलीच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांविषयी अर्धे वाक्यही नाही आणि तुमचे बाळंतपण कोणाच्या हातून होणार याविषयी एक शब्दही नाही. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. या निर्णयात ज्यांची नावे तपासायची त्यांच्या तुमच्या यादीत बालरोगतज्ज्ञ पहिले आहेत. माझ्या यादीत ते चौथे आहेत. त्यांच्या आधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञ, मग जिथे बाळंतपण होणार ते रुग्णालय आणि मग मुलीचे ॲलर्जीतज्ज्ञ येतात. ही तीन नावे नव्या योजनेत नसतील, तर मराठी बोलणारे डॉक्टर तिथे असूनही उपयोग नाही. आणि ही तिन्ही असतील, तर तुमचे आवडते डॉक्टर नसल्याचे दुःख तुम्ही समजता तेवढे मोठे नाही.

आधी त्या रिसेप्शनिस्टबद्दल. ती बरोबर आहे, असे धरून चालावे. एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क, म्हणजे करार केलेल्या डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे गट, असतात आणि डॉक्टर कंपनीशी म्हणून नव्हे, तर त्यातल्या एकेका नेटवर्कशी करार करतात. ‘तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळते आणि दोन महिन्यांनी बिल येते, ते यामुळेच. विचारायचे ते योजनेचे पूर्ण नाव सांगून, शक्य तर कार्डावरचे नेटवर्कचे नाव वाचून दाखवून, आणि तेही दवाखान्याच्या बिलिंग विभागाला. संकेतस्थळावरच्या यादीवर विसंबून गेलेल्या माणसाला २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्रायझेस ॲक्टने, म्हणजे अनपेक्षित बिलांपासून वाचवणाऱ्या केंद्रीय कायद्याने, थोडे संरक्षण दिले आहे. कंपनीने दर ९० दिवसांनी यादी पडताळली पाहिजे, आणि चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी गेले, तर त्याच्याकडून नेटवर्कमधल्या दरापेक्षा जास्त हिस्सा घेता येत नाही. पण ही तरतूद एखाद्या भेटीचे बिल आटोक्यात ठेवण्यासाठी आहे; तिच्या जोरावर मुलाला वर्षभर त्या दवाखान्यात नेता येत नाही. शिवाय यादी चुकीची असल्याचे तुम्हाला आता कळलेलेच आहे.

मैत्रिणींचा सल्ला अर्धाच खरा आहे. एचएमओ म्हणजे वाईट डॉक्टर, ही समजूत आपल्या मंडळींत फार पसरलेली आहे आणि तिला आधार नाही. तेच डॉक्टर अनेकदा दोन्हीकडे असतात. फरक आहे तो दाराशी कोण उभे आहे याचा. पीपीओमध्ये तुम्ही थेट विशेषज्ञाकडे जाऊ शकता आणि नेटवर्कबाहेर गेलात, तरी जास्त पैसे भरून काही भाग परत मिळतो. एचएमओमध्ये सहसा एक प्रायमरी केअर फिजिशियन, म्हणजे ज्याला इथे सगळे पीसीपी म्हणतात तो डॉक्टर, निवडावा लागतो. विशेषज्ञाकडे जायचे तर त्याचे रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, लागते, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर नेटवर्कबाहेरच्या खर्चापोटी काहीही मिळत नाही. १९७३ साली निक्सन यांच्या काळात झालेल्या कायद्याने अशा संस्थांना जोर दिला तो खर्च आवरण्यासाठी. काही ठिकाणी डॉक्टरला प्रत्येक भेटीचे नव्हे, तर दर माणशी दर महिन्याचे ठरावीक पैसे मिळतात. त्यामुळे आजार लवकर ओळखून थोपवण्यात त्याचा फायदा असतो, तसाच पुढे पाठवण्यात हात आखडता घेण्याचा मोहही असू शकतो. ही गोष्ट मनात ठेवून डॉक्टर निवडावा. तिच्या धास्तीने योजना टाकून देऊ नये.

पीसीपी म्हणून फॅमिली डॉक्टरच घ्यावा लागेल, ही भीती मात्र सोडा. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने पालकांना दिलेला हक्क असा आहे की, योजनेत पीसीपी निवडणे बंधनकारक असेल, तर मुलासाठी नेटवर्कमधला नवे रुग्ण घेणारा कोणताही बालरोगतज्ज्ञ पीसीपी म्हणून नेमता येतो. ज्या जुन्या योजनांना आधी यातून सूट होती, त्यांनाही नो सरप्रायझेस ॲक्टने तो लागू केला. दोन मुलांसाठी दोन वेगळे पीसीपीही नेमता येतात. निवड केली नाहीत, तर कंपनी स्वतःच कोणाचे तरी नाव कार्डावर छापून पाठवते, आणि ते डॉक्टर गाडीने पाऊण तासावर बसणारे निघतात. बदल फोनवर किंवा ॲपमधून होतो. पण अनेक योजनांत तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो, हे लक्षात ठेवावे.

आता ज्या गोष्टीकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही ती. नवी योजना १ जानेवारीला सुरू होईल तेव्हा तुम्हाला आठवा महिना लागलेला असेल. योजना बदललीत, तर शेवटच्या सहा आठवड्यांच्या तपासण्या, बाळंतपण आणि रुग्णालयाचे बिल हे सगळे नव्या योजनेकडे जाईल. डॉक्टरचा आणि विमा कंपनीचा करार तुटला, तर गरोदर बाईला त्याच डॉक्टरकडे ९० दिवसांपर्यंत जुन्या अटींवर उपचार चालू ठेवता येतात, असे कायदा सांगतो. पण तिने आपणहून योजना बदलली, तर ते संरक्षण तिच्या कामाचे नाही. म्हणून प्रसूतितज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि रुग्णालयात फोन करून एचएमओच्या पूर्ण नावाने चौकशी करा. रुग्णालय नेटवर्कमध्ये असेल आणि बाळाला चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर तिथले नवजात शिशुतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचे असले तरी त्यांचे जादा बिल तुमच्या माथी मारता येत नाही. रुग्णालयच बाहेरचे असेल, तर मात्र हा दिलासा उरत नाही. आपल्याकडे अजूनही बाळाचे डॉक्टर म्हणजे तिसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे नेतो ते, असे वाटते. प्रत्यक्षात बाळाला पहिले पाहणारे डॉक्टर रुग्णालयाचे असतात आणि त्यांची निवड तुमच्या हातात जवळजवळ नसते. रुग्णालय निवडणे मात्र तुमच्या हातात असते.

मुलीविषयी. शेंगदाण्याची ॲलर्जी आणि दमा एकत्र असलेल्या मुलीच्या बाबतीत वर्षभरात खरे काम ॲलर्जीतज्ज्ञ करतात. चाचण्यांचा क्रमवार इतिहास, शाळेसाठीचा आपत्कालीन आराखडा, ॲलर्जीचा तीव्र झटका आवरणाऱ्या एपिनेफ्रिनच्या इंजेक्शनचे दरवर्षीचे नवे प्रिस्क्रिप्शन आणि इन्हेलरच्या मात्रेतले बदल हे सगळे त्यांच्याकडे असते. ते एचएमओत आहेत का, हा पहिला प्रश्न. असतील, तर दर भेटीला नवे रेफरल लागते की वर्षभराचे एकच चालते, हा दुसरा. माझ्या धाकट्याच्या वेळी रेफरलची मुदत एका सोमवारी संपली होती आणि आमची वेळ बुधवारची होती. मी मुदतीची तारीख पाहिलीच नव्हती आणि त्या भेटीचे पूर्ण बिल मला भरावे लागले. तेव्हापासून रेफरलची तारीख मी फ्रिजवर चिकटवतो. तिसरा प्रश्न औषधांचा. मुलगी आज जे इन्हेलर आणि जे इंजेक्शन वापरते, नेमकी तीच नावे नव्या योजनेच्या औषधांच्या यादीत शोधा आणि ती कोणत्या स्तरावर आहेत, म्हणजे खिशातून किती जाईल, ते पाहा. प्रीमियममध्ये वाचलेले पैसे फार्मसीच्या खिडकीवर कसे जातात, ते दम्याच्या मुलांच्या आईबापांना विचारावे.

एका बाबतीत निर्धास्त राहा. तिच्या तोंडात चुकून शेंगदाणा गेला आणि श्वास अडकू लागला, तर इंजेक्शन देऊन ९११ ला फोन करा. सर्वांत जवळच्या इमर्जन्सी रूममध्ये जाण्यासाठी कोणत्याही योजनेत रेफरल किंवा पूर्वपरवानगी लागत नाही आणि रुग्णालय नेटवर्कबाहेरचे असले, तरी तुमचा हिस्सा नेटवर्कच्याच दराने लागतो. फक्त रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला नो सरप्रायझेस ॲक्ट लागू नाही, त्यामुळे तिचे बिल वेगळे येऊ शकते. तेवढ्यासाठी फोन करायला कचरू नका. रविवारी कान दुखतो म्हणून जायच्या अर्जंट केअरची गोष्ट वेगळी आहे. ते नेटवर्कमधलेच लागते आणि त्याचा पत्ता आधीच शोधून ठेवावा.

यजमानांचा ‘दोन्हीकडे घालू’ हा उपाय ऐकायला सुरक्षित वाटतो, पण तुमच्या बाबतीत तो नेमका उलटा पडेल. पत्रासोबत वेगळी पाठवलेली कुटुंबाची माहिती देताना तुम्ही दोघांच्या जन्मतारखा लिहिल्यात, ते बरे झाले. मूल आईवडील दोघांच्या योजनांत असेल, तेव्हा आधी कोणाच्या योजनेने पैसे द्यायचे हे ठरवायला बहुतेक योजना ‘बर्थडे रूल’ पाळतात. वर्षाच्या कॅलेंडरमध्ये ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याची योजना पहिली. जन्माचे साल, पगार किंवा योजना किती चांगली आहे, यातले काहीही विचारात घेतले जात नाही. तुमचा वाढदिवस मार्चमधला, यजमानांचा ऑगस्टमधला. म्हणजे मुलांसाठी एचएमओ पहिली ठरेल आणि तिचेच नियम आधी लागू होतील. तुम्ही आवडत्या डॉक्टरांकडे गेलात, की एचएमओ ‘नेटवर्कबाहेर’ म्हणून क्लेम नाकारेल, मग पीपीओ विचारू शकते की पहिल्या योजनेचे नियम का पाळले नाहीत, आणि रात्रीचे दूध पाजून डोळा लागतो न लागतो तोच तुम्हाला दोन कंपन्यांच्या फोनवरचे संगीत ऐकत बसावे लागेल. दोन प्रीमियम भरून हे विकत घेऊ नका. मुलांना एकाच योजनेत ठेवा.

पैशांचा हिशेबही प्रामाणिकपणे करू. महिन्याला २९० म्हणजे वर्षाला ३,४८० डॉलर होतात. ही थोडी रक्कम नाही. त्यातच पीपीओचा डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, बाळंतपणात संपेल आणि पुढे कोइन्शुरन्स, म्हणजे बिलाचा टक्केवारीतला हिस्सा, लागेल. एचएमओत बहुधा कोपे, म्हणजे दर सेवेमागे ठरावीक रक्कम, असतील. नुसत्या आकड्यांच्या शर्यतीत तुमची एचएमओ पुढे जाण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि हे मैत्रिणींना आवडणार नाही. दोन्ही योजनांचे ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’ समोरासमोर ठेवा. त्यांचा साचा सगळीकडे सारखाच असतो आणि त्यात बाळंतपणाच्या नमुना खर्चाचे एक उदाहरणही दिलेले असते. वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकते, ती ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’ची ओळ सर्वांत आधी वाचा. बाळाच्या नेहमीच्या तपासण्या आणि शिफारस केलेल्या लसी मात्र या हिशेबात धरू नका. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातली भेट, मग १, २, ४, ६, ९ आणि १२ महिन्यांच्या आणि पुढच्या अशा सगळ्या भेटी नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे दोन्ही योजनांत कोपेशिवाय होतात.

तर माझे मत असे. प्रसूतितज्ज्ञ, रुग्णालय आणि ॲलर्जीतज्ज्ञ या तिघांपैकी एखादे जरी नाव एचएमओत नसेल, तर या वर्षी कोणीही हलू नये. ३,४८० डॉलर हे आठव्या महिन्यात डॉक्टर न बदलण्याचे मोल समजावे. तिन्ही नावे असतील, तर एचएमओ घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांचा निरोप घ्यावा. सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल. पुण्यात चांगले डॉक्टर कोण हे शेजारीण सांगते आणि आपण पाटी पाहून आत शिरतो. तिथला आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येतो, त्यामुळे मुलाच्या सर्दीखोकल्याच्या डॉक्टरशी त्याचा संबंधच येत नाही. इथे मात्र डॉक्टरांच्या पाटीआधी करार वाचावा लागतो.

तिन्ही नावे असूनही जानेवारीत बदल करायला मन धजत नसेल, तर आणखी एक वाट आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. बाळाचा जन्म झाला, की ३० दिवसांची खास मुदत मिळते आणि त्या मुदतीत तुम्ही स्वतःला, जोडीदाराला आणि बाळाला नोकरीच्या योजनेत घालू शकता. विमा जन्मदिवसापासून लागू धरला जातो. म्हणजे तुमचा आणि बाळाचा निर्णय मार्चपर्यंत पुढे ढकलता येतो. यात दोन अडचणी आहेत. मोठ्या मुलीला या मुदतीत योजना बदलू देण्याचे बंधन केंद्रीय कायदा घालत नाही. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, तेव्हा तुमच्या एचआरकडून लेखी उत्तर घ्या. आणि विमा जन्मतारखेपासूनच बदलला, तर रुग्णालयाची बिले दोन योजनांत कशी विभागली जातील, तेही त्यांच्याकडूनच आधी समजून घ्या. कोणताही मार्ग निवडलात, तरी ३० दिवसांच्या आत बाळाचे नाव नोंदवणे चुकवू नका. सोशल सिक्युरिटी नंबर यायचा आहे म्हणून थांबणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्याच्यासाठी थांबण्याची गरज नसते, तो नंतर देता येतो.

नवे बालरोगतज्ज्ञ शोधावे लागलेच, तर ते डिसेंबरातच शोधा. बरेच दवाखाने होऊ घातलेल्या आईवडिलांना बाळाच्या जन्माआधी एकदा भेटायला बोलावतात. अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. ते संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळते आणि त्यानंतर पदव्यांची चर्चा पुरे. रात्री दोन वाजता ताप चढला, तर फोन कोण उचलते? आजारी मुलाला त्याच दिवशी वेळ मिळते का? आठ डॉक्टरांच्या दवाखान्यात दर वेळी तेच डॉक्टर भेटतील, की ज्यांना वेळ असेल ते? दोन भावंडांना एकाच वेळी दाखवता येते का? आणि तुमच्या परिस्थितीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ॲलर्जीच्या रेफरलचे काम दवाखान्यात कोण पाहते आणि त्याला किती दिवस लागतात. डॉक्टर उत्तम आणि रेफरल पाहणारी बाई सुट्टीवर, यात एचएमओच्या रुग्णाची खरी फरपट होते. भाषेचे म्हणाल, तर सासूबाईंच्या समाधानासाठी मराठी डॉक्टर असणे छानच. पण चार वर्षांच्या मुलीला शिंक आली, तरी ती ते इंग्रजीतच सांगणार आहे.

मुलीच्या जुन्या नोंदी सुटतील, ही काळजी नको. त्यांची प्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि लसींची नोंद राज्याच्या लसीकरण नोंदवहीतही असते. जुन्या डॉक्टरांशी भांडून निघायचे नाही, हे मात्र पाहा. इथे दोघांच्या नोकऱ्या बदलतात, योजना बदलतात आणि दोन वर्षांनी पुन्हा त्याच दारात उभे राहण्याची वेळ येते. त्यांना सरळ सांगा की विमा बदलतो आहे. हे वाक्य ते दर जानेवारीत ऐकतात.

शेवटी तक्रारीची वाट. एचएमओने रेफरल किंवा उपचार नाकारला, तर नकाराचे पत्र आल्यापासून १८० दिवसांत अपील करता येते, आणि वैद्यकीय कारणावरून झालेल्या नकाराला कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणीही मागता येते. प्रकरण तातडीचे असेल, तर उत्तर ७२ तासांत मिळायला हवे. त्यासाठी आत्ताच एचआरला एक प्रश्न विचारून ठेवा : योजना ‘सेल्फ-फंडेड’ आहे का? मोठ्या कंपन्यांत बहुधा ती तशी असते, म्हणजे विमा कंपनी फक्त कागदपत्रे हाताळते आणि पैसे तुमची कंपनी देते. अशा योजनेवर न्यू जर्सीचे विमाविषयक कायदे चालत नाहीत आणि दाद केंद्रीय कामगार खात्याकडे मागावी लागते. तसे नसेल, तर राज्याचे बँकिंग आणि विमा खाते आहे.

नोव्हेंबरचे थोडेच दिवस उरले आहेत आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दवाखान्यांतले फोन कोणी उचलत नाही. उद्या सकाळी पहिला फोन प्रसूतितज्ज्ञांच्या बिलिंग विभागाला, दुसरा रुग्णालयाला, तिसरा ॲलर्जीच्या दवाखान्याला करा. प्रत्येक ठिकाणी बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि उत्तर एका वहीत लिहा. बालरोगतज्ज्ञांकडे चौथा फोन करायची गरज आहे की नाही, ते या तीन उत्तरांवरून कळेल.